खालची फांदी

सोलापुरातल्या बोन्साय क्लबच्या कार्यशाळेत खातूनबीनं आपली वीतभर चिंच टेबलावर ठेवली. दारातल्या मोठ्या चिंचेच्या चिंचोक्यातून उगवलेली. त्या मोठ्या चिंचेवर झोका घेताना तिची लेक माहेनूर पडली होती, ती उठलीच नाही.

"ही खालची फांदी काढू. नियमच आहे," पुण्याहून शिकवायला आलेले पाहुणे म्हणाले.

"राहू द्या की, साहेब. तिला लागती ती."

"कुणाला?"

खातूनबीनं भिंतीकडं बोट केलं. कुंडीतली फांदी मोकळी होती. भिंतीवरच्या तिच्या सावलीला मात्र झोका होता आणि त्यावर एक पोर झुलत होती.

"उन्हाचा खेळ हो, ताई!" पाहुण्यांनी फांदीवर कात्री चालवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भिंतीवरचा झोका तुटला.

ऊन सरकलं तशी चिंचेची सावली भिंतीवरून उतरली. खाली पडलेली चिमुकली सावली तेवढी तिथंच राहिली.