वीस इंची फ्रेम

सीताबर्डीच्या दुकानात बाबा स्वतःसाठी म्हणून नवी सायकल बघत होते.

"मारोतराव, तुमच्या उंचीले चोवीस इंची फ्रेम लागते," दुकानदार म्हणाला. "याच्यावर बसले तं पोट्टे म्हणतील, सर्कस आली."

बाबा वीस इंचीच पाहिजे म्हणून अडून बसले. ते तिच्यावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हँडलला लागत होते, आणि गिऱ्हाइकं तोंड फिरवून हसत होती.

"बाबा, काहून लोकाईले हसायले लावून राहिले तुमी?" मी दातओठ खात म्हणाले.

"उंच दांड्यावरून आता माहा पाय पलटत नाही. तू चूप राह्य वं."

जरीपटक्याच्या घरापर्यंत ते सायकल हातात धरून चालत आले. मी त्यांच्या दहा पावलं पुढेच चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

कामावर परत जायच्या दिवशी मी नेहमीसारखी पायीच निघाले. गांधीबागेतलं काम लांब पडायचं, पण त्याबद्दल मी घरात कधी काही बोलले नव्हते. आईने सायकल दारात आणून उभी केली.

"डॉक्टरनं त्याईले सायकल चालवाले कवाचीच मनाई केली होती," ती म्हणाली.

ओढणी कमरेला बांधून मी सीटवर बसले. पाय जमिनीला टेकले. हात सरळ हँडलवर गेले.



"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "मले सायकल पाहिजे होती."