शिळेला ओ

“बूट कुठे लपवलेस माझे?”

“माझ्या पिशवीत आहेत. रात्रपाळीला दोघं एकदमच निघू, तेव्हा मिळतील.”

तो तोंड फुगवून आरशासमोर उभा राहिला. सकाळीच केसांना रंग लावला होता. कानामागे राहिलेला डाग थुंकीने पुसत होता.

“चादरींच्या घड्या घालायला जायचंय तुला, मिरवायला नाही,” डबा भरता भरता ती म्हणाली.

ती लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती. कॉलेज अर्धवट टाकून लागली, कारण घरात कोणीतरी कमावणं भाग होतं. मुकादमाच्या हातापाया पडून तिने त्याच्यासाठी जागा मिळवली होती. “तुझ्या शब्दावर घेतोय,” मुकादम म्हणाला होता. “आज आला नाही, तर पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.”

आधीची कामं अशीच गेली. टायरच्या दुकानात कोणी त्याच्या टोळीबद्दल वावगं बोललं, की हा हातातला पाना आपटून घरी. एकदा शीळ ऐकून मागच्या खिडकीतून उडी मारली आणि पाय प्लास्टरमध्ये घालून आला. मारामारीत पकडला गेला, तेव्हा चौकीत सही करायला तीच गेली. हवालदाराने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “घरात कोणी मोठं माणूस नाही का?”

तिने खाली मान घालून सही केली.

“त्या टोळीने दिलं काय तुला?” डब्याचं झाकण दाबत तिने विचारलं.

“घरी कोणी विचारत नव्हतं, शाळेत नुसता मार. तेव्हा त्यांनीच जवळ केलं.”

“आता मी विचारते, तर तुझे कान खिडकीकडे!”

तेवढ्यात खालून शीळ आली. फुसकी, निम्मी हवाच. तरी त्याचे खांदे ताठ झाले. टोळीचा नियम एकच: शिळेला ओ देणार नाही तो फितूर.

“नुसतं तोंड दाखवून येतो.”

“तुझं तोंड दाखवणं मला ठाऊक आहे. मग चौकीत मला तोंड दाखवावं लागतं.”

“सगळ्यांसमोर लाज जाईल गं माझी!”

“आणि माझी?” तिचा आवाज चिरकला. “देवाकडे रोज एकच मागते, याला अक्कल दे. देवाने तरी किती ऐकायचं?”

पुन्हा शीळ. ती तरातरा गेली, खिडकी ढकलून खाली ओरडली, “चालते व्हा! एकदाचं सोडा त्याला!”

पाठीमागे कडी वाजली. ती वळली. डबा ओट्यावर तसाच, दार सताड उघडं. अनवाणीच गेला होता.

ती पुन्हा खिडकीशी धावली. खाली काठीवर रेललेल्या म्हाताऱ्याने मान वर केली आणि बोळक्या तोंडाने हसला.

“ओरडतेस कशाला, पोरी? आधी जिन्यातला दिवा लाव. तुझ्या बापाला हल्ली पायऱ्या दिसत नाहीत.”