पाना

आमच्या झरी गावात नव्या खासदाराचा सत्कार होता, तर मी हाराऐवजी रिकामा हंडाच घेऊन गेले. आमच्या पाड्यातला हापसा चार दिवस बंद होता. हा माणूस आधी पंचायत समितीत हापसे दुरुस्त करायचा. पुढे दोनदा आमदार झाला, तरी पाना गाडीत ठेवायचाच. कुठे हापसा बंद दिसला की उतरायचा, आणि आमच्याकडे आला की दांडा मी धरायची. हंडा बघून तो गळ्यातला हार काढत स्टेजवरून खाली आला. त्याचा पीए मागे धावला. “साहेब, आता तुम्ही दिल्लीचे. हे काम दुसरं कोणी करील.” “दुसरं कोण?” म्हणत त्याने गाडीतून पाना काढला. हापशापाशी आल्यावर मी तो त्याच्या हातातून घेतला. “आज दांडा तू धर.” खासदाराने दांडा धरला. मी झाकण खोललं, साखळीचा सुटलेला बोल्ट बसवला आणि आवळला. दहा-बारा वेळा हापसल्यावर पाणी आलं, पण धार बारीक. हंडा भरेपर्यंत लोक टाळ्या वाजवून थांबलेसुद्धा. त्याने पान्यासाठी हात पुढे केला. मी पाना कमरेला खोचला. “बोल्ट मी आवळीन, भाऊ. खालचं पाणी आटत चाललंय, ते काय पान्याने वर येत नाही. त्याच्यासाठी तुला दिल्लीला धाडलंय.”