दातांचे जुलाब

सहा महिन्यांच्या बाळाला सकाळपासून पाण्यासारखे जुलाब होत होते, डोळे खोल गेले होते. प्रियंकानं नवऱ्याला गाडी काढायला सांगितली, तसे तिचे सासरे तात्याबा कवळी हलवत हसले.

"अगं, दात येत्यात त्याला! दात येताना ढाळ व्हायचंच. एवढ्यासाठी टेंभुर्णीला दवाखान्यात पळतंय व्हय कुणी?"

वडील बोलले म्हटल्यावर जोतिरामनं गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवली. प्रियंकानं गावातल्या आशाताईंकडून ओआरएसची पाकिटं आणली आणि दोन दिवस बाळाला चमच्या-चमच्यानं ते पाणी पाजत, अंगावरचं दूध देत बसून काढले. बाळ पुन्हा खेळायला लागल्यावर तात्याबांनी मिशीवर हात फिरवला. "बगितलंस? दातच हुते की!"

बाळाच्या हिरड्या अजून कोऱ्याच होत्या.

पुढं जावळाच्या जेवणात तात्याबांनी मटणावर असा ताव मारला, की दुसऱ्या दिवशी संडासातनं बाहेर येतायेताच ते परत आत वळायला लागले.

"जोत्या, गाडी काढ! मला सलाईन लावा. मी काय आता वाचत न्हाय!"

जोतिराम खिळ्याकडं धावला, तर किल्ली तिथं नव्हती. ती बाळाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या प्रियंकाच्या मुठीत होती.



"एवढं काय घाबरताय, मामा? दात येत असत्याल की!"