परत येण्याची तालीम

शिकून झाल्यावर अमेरिकेतच राहणार की परत येणार, असं नागसेननं इंग्रजीतून विचारलं आणि मोनाली पुन्हा त्याच प्रश्नाला अडकली. हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला. सॉरी बाबा, पुन्हा विचारा, म्हणाली.

प्रताप नगरातल्या त्या दोन खोल्यांत जेवणाचं टेबल तीन दिवसांपासून अमेरिकेची वकिलात झालं होतं. नागसेन वीज खात्यातल्या ड्युटीवरून आला की चहा घ्यायचा, शर्ट नीट खोचायचा आणि टेबलापलीकडे साहेब होऊन बसायचा. सोमवारी मुंबईत लेकीची व्हिसाची मुलाखत होती. कोणतं विद्यापीठ, एमएसला विषय कोणता, खर्च कोण करणार, सगळं ती घडाघडा सांगायची आणि ऐकताना बापाची छाती फुगायची. या एकाच प्रश्नाला गाडी रुळावरून घसरायची. आणि नेमका तोच महत्त्वाचा. धरमपेठेतल्या सल्ला केंद्राच्या सुमती मॅडमनी बजावून सांगितलं होतं, शिकायला जाणाऱ्यानं शिकून परत यायचं असा तिकडचा नियम आहे. इथं जो चाचरला, त्याचा पासपोर्ट कोरा परत येतो.

पहिल्या दिवशी नागसेनला वाटलं, इंग्रजीची भीती असेल. मग स्वतःलाच हसला. कॉलेजात इंग्रजी भाषणांची बक्षिसं आणणारी पोरगी, तिला कसली भीती! दुसऱ्या दिवशी त्यानं उत्तर पाठ करून घेतलं. पाठ झालं, पण म्हणताना आवाज फाटला. आता बोला. म्हणून आज तो उत्तर ऐकायचं सोडून तिच्या तोंडाकडेच बघत बसला होता. 'परत येईन' म्हणायची वेळ आली की ती त्याच्या डोळ्यांतून नजर काढून शर्टाच्या गुंडीवर नेऊन ठेवत होती.

तेव्हा त्याला कळलं. पोरीला उत्तर चांगलं येत होतं. बापाच्या तोंडावर खोटं बोलवत नव्हतं तिला. ती परत येणार नव्हती.

पाच मिनिटं थांब म्हणून नागसेन उठला आणि गॅलरीत गेला. तिथं उभं राहवेना म्हणून आत येऊन पंखा वाढवला, पुन्हा बाहेर गेला. गॅलरीत त्याची बायको प्रेमिला मिरच्यांची देठं खुडत बसली होती, लेकीसोबत द्यायच्या तिखटासाठी. मान वर न करता तिनं मनातलं बोलून टाकलं. नाही मिळाला व्हिसा तर काय आभाळ कोसळणार आहे का? मौद्याच्या वीज केंद्रात पोरीनं इंटर्नशिप केली, तिथल्याच एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली आहे. सकाळी बसनं जाईल, संध्याकाळी घरी येईल. डोळ्यांपुढे राहील.

नागसेनच्या अगदी मनातलं बोलली ती. आणि त्यासाठी करायचं तरी काय होतं? काहीच नाही. सराव इथंच थांबवायचा, होईल सगळं नीट म्हणून पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचा. सोमवारी ती साहेबापुढे चाचरली असती आणि मंगळवारी घरी आली असती. बापाला कोणी बोल लावला नसता. इतकं सोपं होतं ते, की त्याची त्यालाच लाज वाटली.

मौद्याहून रोज घरी येणारी मोनाली त्याला आठवली. हातपाय धुवायच्या आधी बोलायला लागायची, कोळसा संपल्यावर काय, वीज साठवून ठेवायची कशी. ते शिकवणारं विद्यापीठ तिनंच शोधलं होतं. तिथून होकार आला त्या दिवशी ती घरभर नाचली होती. नागसेनही नाचला होता की! तेव्हा नाचलो, मग आता काहून पाय मागं घ्यायचा?

तो आत आला आणि खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसला.

"आधी मराठीत म्हण," तो म्हणाला. "माह्या डोळ्यात पाहून म्हण, मी वापस येईन. मले सांगता आलं तं त्या साहेबाले सांगायले तुले काहीच जड जाणार नाही."

बाबांना सगळं कळलंय, हे मोनालीला त्याच क्षणी समजलं. ती रडायलाच लागली.

"तुमच्यापुढं नाही होत बाबा."

"म्हणूनच म्हणून राहिलो, बाई. म्हण."

पहिल्यांदा हुंदका मध्ये आला. मग नजर खाली गेली, तेव्हा त्यानं हनुवटी धरून ती वर केली. मग शब्द आले पण घाईघाईनं आले, म्हणून त्यानं पुन्हा म्हणायला लावलं. प्रेमिला दाराशी येऊन उभी राहिली, थोडं ऐकलं आणि तोंडाला पदर लावून परत मिरच्यांपाशी जाऊन बसली. बाहेर अंधार पडला तरी दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही. अखेर मोनालीनं त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं आणि शांतपणे, थोडं हसून, ते वाक्य म्हटलं. नागसेननं टेबलावर मूठ आपटून शिक्का मारला, शाबास म्हणाला, आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिला.

सोमवारी व्हिसा मिळाला. साहेबानं तोच प्रश्न विचारला होता.

ऑगस्टमध्ये विमानतळावर प्रेमिलाला रडू आवरेना. मोनाली तिच्या गळ्यात पडली, तिचे डोळे पुसले आणि मग नागसेनपुढे येऊन उभी राहिली. काही विचारायचं नाही, असं तो घरूनच ठरवून निघाला होता. त्यानं विचारलंही नाही. तिनंच त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"मी वापस येईन बाबा," ती म्हणाली. एकदाही न अडखळता, अगदी त्यानं शिकवलं होतं तसं.