संस्थानचा पाहुणा

"आणखी पावशेर जलेबी द्या," देवरामने हलवायाला सांगितलं, आणि सुपडू जमादाराने कपाळावर हात मारला.

सकाळपासून हेच चाललं होतं. माळव्यातल्या एका संस्थानाने या गृहस्थाला कामगिरीवर इंग्रजी हद्दीत धाडलं होतं. तिथल्या राणीवशातून काही वर्षांपूर्वी चंपा नावाची दासी पळाली होती आणि ती बुऱ्हाणपुरात असल्याची आता कुणकुण लागली होती. इंग्रजी मुलखात दासी म्हणून कुणाला धरता येत नाही, म्हणून संस्थानाने तिच्यावर दागिन्यांच्या चोरीचा आळ घेतला होता. ओळखणारा माणूस पाठवा, त्याने बोट दाखवलं की बाई तुमची, असं तहसीलदारांनी कळवलं. तो माणूस म्हणजे हा देवराम, राणीवशाच्या देवडीवरचा हुजऱ्या.

"पाहुण्याने नाव घेऊन तुलाच मागितलंय," तहसीलदार सुपडूला म्हणाले होते. "संध्याकाळच्या गाडीच्या आत उरक."

उरकतो कसला! आधी त्याला जुम्मा मशीद बघायची होती. मग किल्ल्यातला हमाम. तिथे तो छतावरची रंगीत वेलबुट्टी बघत मान वर करून असा उभा राहिला, की सुपडूचीच मान अवघडली. मग भूक लागली. दराबा खाल्ला, मांडे खाल्ले आणि आता ही मावा जलेबी.

"साहेब, चला ना," सुपडू म्हणाला. "देर होऊन राहिली. बाईला खबर लागली तर ती नदीपार पळून जाईल."

"तुम्हाला फार घाई दिसते."

"घाई नाही तर काय! एकदा सापडू द्या, मी स्वतः तिचा हात धरून गाडीत बसवून देतो."

सुपडूचं चुकत नव्हतं. ठाण्यात वरची जागा रिकामी झाली होती. बाई सापडली की ती जागा त्याचीच, असं तहसीलदारांनी अर्धं-मुर्धं कबूल केलं होतं.

देवरामने बोटांचा पाक चाटला. "राग लवकर येतो का हो तुम्हाला?"

"आज येऊन राहिला."

"घरी? बायकोवर हात वगैरे?"

"काय विचारता साहेब!" सुपडू उखडला. "घरी तिच्यापुढे माझीच बोलती बंद असते."

देवराम हसला आणि उरलेली जलेबी त्याने पुड्यात बांधून घेतली.

सुपडूने आठवडाभर खपून एक बाई हेरून ठेवली होती. राजघाटावरच्या धर्मशाळेत यात्रेकरूंचा स्वयंपाक करणारी आशाबाई. परगावची, एकटी, स्वतःबद्दल अवाक्षर न बोलणारी. तो पाहुण्याला ओढतच घाटावर घेऊन आला. पण पाहुण्याला तापीच्या पात्रातला दगडी हत्ती दिसला! मग होडी केली, हत्तीजवळ गेले, परत आले. अखेर धर्मशाळेच्या दारातून देवरामने चुलीपुढच्या आशाबाईकडे जेमतेम नजर टाकली.

"ही नव्हे."

"जवळून तर बघा! पाठमोरी आहे ती."

"बसण्याची ढबच वेगळी हिची. चला."

सुपडूच्या तोंडात शिवी आली होती. ती त्याने गिळली. बढती तापीत बुडाली, आता हा माणूस एकदाचा गाडीत बसला म्हणजे सुटलो, एवढंच त्याच्या मनात राहिलं.

पण पाहुणा घाटाच्या पायऱ्या चढता चढता थांबला. "बाहेरचं खाऊन कंटाळलो. निघण्याआधी घरची भाकरी मिळेल का? तुमच्या घरी?"

नाही कसं म्हणणार? चरफडत सुपडू त्याला घरी घेऊन गेला.

त्याची बायको सोजर पोरीला कडेवर घेऊन दारात आली आणि तिथेच थिजल्यासारखी उभी राहिली.

"बघत काय राहिली?" सुपडू खेकसला. "संस्थानचे पाहुणे आहेत. पाट मांड."

तिने पोरीला खाली ठेवलं, पदर पुढे ओढला आणि ती आत गेली. पोरगी पाहुण्याच्या मांडीवर चढून बसली. देवरामने पुडा सोडून तिला घास घास जलेबी भरवली.

कळण्याची भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं, ठेचा होता. दिवसभर खात सुटलेला हा माणूस इथे एकेक घास सावकाश चावत होता. त्याने 'पुरे' म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर सोजरने तो बाजूला सारून आणखी भाकरी वाढली.

"अगं, नको म्हणतात ना ते!" सुपडू कावला. मग पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी बघून म्हणाला, "ठेचा लागला का?"

"हो," देवराम म्हणाला. "जबर आहे."

निघताना त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. सोजर दाराआड उभी होती. तिने साधं 'या' सुद्धा म्हटलं नाही. गावंढळ ती गावंढळच, असं मनात म्हणत सुपडूने टांगा थांबवला.

स्टेशनवर मात्र त्याचा बांध फुटला.

"तहसीलदारांना काय सांगू मी? दिवसभर खाल्लं, फिरले आणि गेले?"

"सांगा, ती बाई बुऱ्हाणपुरात नाही. मीही तिकडे तसंच लिहून देणार. आता या कामासाठी पुन्हा कुणी यायचं नाही."

"तुम्ही तिला शोधलंच कुठे?"

"मला दुसऱ्या कुणाला येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी आलो," देवराम म्हणाला.

या उत्तराचा अर्थ सुपडूला लागला नाही, आणि लावून घ्यायची इच्छाही उरली नव्हती. शिट्टी झाली. तो तुटकपणे म्हणाला, "राम राम, देवरामजी."

गाडी हलली. देवरामने खिडकीतून वाकून सुपडूचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"येतो, दाजी."