आजोबांची शिकवण

नवं नाव घेऊन मी गेममध्ये शिरले, माइक सुरू केला आणि म्हटलं, "मी नवीन आहे. कुणी शिकवेल का?"

बाईचा आवाज ऐकून गटातला एक मुरलेला खेळाडू लगेच पुढे आला. त्याने मला ढाल दिली, तलवार दिली, किल्ल्याचा चोरदरवाजा दाखवला. मग म्हणाला, "आता फोटो पाठव."

"फोटो कशाला?"

"काकूबाई निघालीस तर माझी मेहनत वाया." बाकीचे फिदीफिदी हसले. एकाने त्याहून घाण काहीतरी विचारलं.

मी त्याची तलवार खाली टाकली, तसा तो जरा नरमला. "रागावू नकोस गं. नवीन माणसाला सांभाळून घ्यायचं, ही आमच्या आजोबांची शिकवण. ते गटातले सगळ्यात जुने. बोलत कधीच नाहीत, नुसतं लिहितात. मला साधी तलवार उपसता येत नव्हती, तेव्हा माझ्यापुढे ढाल धरून उभे राहायचे."

"त्यांनी तुझा फोटो मागितला होता?"

"छे. देवमाणूस आहेत ते."

मेलेलं झुरळ उचलावं तसा मी हेडफोन दोन बोटांत धरून काढला आणि साबणाने हात धुऊन आले. मग ते नवं खातं बंद केलं आणि माझं रोजचं, जुनं खातं उघडलं.

त्याचा निरोप येऊन पडला होता. "आजोबा, आज एका नव्या पोरीला शिकवलं. अगदी तुम्ही मला शिकवलंत तसं."